वॉक: चालणं, चालवणं आणि चालतं होणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इंग्रजी शिकवताना आणि भाषांतरं तपासताना माझ्याकडे सगळ्यात जास्त प्रश्न कोणत्या शब्दाबद्दल येत असतील, तर ते 'वॉक'बद्दल. अवघड शब्द लोक कोशात बघतात. 'वॉक' बघायला कोश कोण उघडणार? इथले प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. 'वॉक' म्हणजे चालणं. यात विचारण्यासारखं काय आहे?

पायांपुरतं बोलायचं तर काहीच नाही. निदान एक पाऊल सतत जमिनीवर ठेवून पुढे जाणं म्हणजे वॉक. दोन्ही पाय क्षणभर हवेत गेले की ते धावणं. गोंधळ होतो तो दोन कारणांनी. आपलं 'चालणे' पाय सोडून इतर बरीच कामं करतं आणि ती कामं इंग्रजीत 'वॉक'कडे नाहीत (प्रश्न ६). उलट इंग्रजीतलं 'वॉक' सकर्मकही आहे. तिथे माणूस कुत्र्याला, पाहुण्याला, सायकलीला, एवढंच काय, कपाटालाही 'वॉक' करू शकतो (प्रश्न ७). एवढं ध्यानात आलं की बाकीचे अर्थ बरेचसे आपोआप उलगडतात. खेळांतले आणि गणितातले अर्थ मात्र मुद्दाम शिकावे लागतात.

२. स्पेलिंगमध्ये 'एल' आहे, मग उच्चारात तो कुठे जातो? आणि मी 'वॉक' म्हटलं की लोक 'वर्क' का ऐकतात?

'ए' किंवा 'ओ'नंतर 'एल-के' अशी जोडी शब्दाच्या शेवटी आली की 'एल' गिळायचा: वॉक, टॉक, चॉक, फोक, आणि अंड्याच्या बलकासाठीचा 'योक'. 'मिल्क', 'सिल्क', 'बल्क'मध्ये आधीचा स्वर वेगळा आहे, म्हणून तिथे 'ल' स्पष्ट ऐकू येतो.

'वर्क'चा घोटाळा जरा खोल आहे. ब्रिटिश उच्चारात 'वर्क'मधला 'र' बोललाच जात नाही, त्यामुळे तो 'वऽक'च्या जवळ जातो. फरक उरतो तो फक्त स्वराचा. 'वॉक'ला ओठ गोल करून स्वर लांबवायचा, 'वर्क'ला ओठ सैल ठेवायचे. हे जमलं नाही तर 'मी बँकेत काम करतो' या वाक्याचं 'मी बँकेत येरझाऱ्या घालतो' होतं. भर म्हणजे चिनी कढईलाही आपण 'वॉक'च लिहितो. इंग्रजीत तिचं स्पेलिंग वेगळं आहे आणि ब्रिटिश उच्चारात तिचा स्वर आखूड आहे. देवनागरीत हा फरक दिसत नाही, कानांनाच तो शिकवावा लागतो.

३. हा शब्द आला कुठून? पहिल्यापासून याचा अर्थ चालणंच होता का?

नाही. जुन्या इंग्रजीतल्या ज्या क्रियापदापासून हा शब्द आला त्याचा अर्थ होता लोळणं, गडगडणं, हेलकावे खाणं. समुद्राच्या लाटांसाठी ते वापरलं जाई. पायी जाण्याकरता तेव्हा वेगळी क्रियापदं होती, आणि आजचं 'गो' त्यांच्याच कुळातलं. पुढे मध्ययुगात, साधारण १३व्या शतकाच्या सुमाराला, हे लोळणारं क्रियापद दोन पायांवर उभं राहिलं. इकडेतिकडे हिंडणं, मग पायी जाणं, असा त्याचा प्रवास झाला असावा.

जुन्या अर्थाची एक खूण आडनावात टिकून आहे. विणलेलं लोकरी कापड घट्ट आणि दाट व्हावं म्हणून ते ओलं करून तुडवत, मळत. हे काम करणारा तो 'वॉकर'. हेच काम करणाऱ्याला इंग्लंडच्या दक्षिणेत 'फुलर' म्हणत आणि नैर्ऋत्येत 'टकर'. तीनही आडनावं आज जगभर दिसतात. जर्मनमध्ये याच शब्दाचं भावंड आजही 'कापड मळणे' या अर्थी आहे. स्कॉटलंडच्या बेटांवर बायका टेबलाभोवती बसून कापड आपटताना जी गाणी म्हणत, त्यांच्या इंग्रजी नावातही हेच क्रियापद आहे, फक्त स्पेलिंग थोडं निराळं. तेव्हा वॉकर आडनावाच्या माणसाचा पूर्वज खूप चालायचा असं समजू नका. तो बहुधा एकाच जागी उभा राहून पाय आपटत होता.

४. 'आय केम बाय वॉक' बरोबर आहे का?

नाही. 'बाय' वाहनासाठी असतं: बाय बस, बाय ट्रेन, बाय कार. स्वतःचे पाय इंग्रजीच्या लेखी वाहन नव्हेत. त्यासाठी 'ऑन फूट' आहे (घोडाही वाहनांत बसत नाही, त्यालाही 'ऑन' लागतं). पण खरं सांगायचं तर 'ऑन फूट'सुद्धा रोजच्या बोलण्यात थोडं औपचारिक वाटतं. 'कसा आलास?' असं कुणी विचारलं तर 'आय वॉक्ड' एवढं पुरतं.

याच घरातली दुसरी चूक म्हणजे 'टेन मिनिट्स वॉक'. हे दोन प्रकारे बरोबर लिहिता येतं. 'अ टेन-मिनिट वॉक' म्हणा, म्हणजे 'मिनिट' एकवचनी, कारण ते विशेषण झालं. किंवा 'टेन मिनिट्स वॉक' म्हणा, पण तेव्हा 'मिनिट्स'च्या शेवटच्या 'एस'नंतर षष्ठीचं चिन्ह द्या आणि सुरुवातीला 'अ' लावू नका.

५. 'गो फॉर अ वॉक', 'टेक अ वॉक' आणि 'गो वॉकिंग' यांत फरक काय?

'गो फॉर अ वॉक' म्हणजे फेरफटका मारणं. यातला 'अ' गाळू नका. आपण मराठीत 'मॉर्निंग वॉकला जातो' म्हणतो, म्हणून इंग्रजीतही 'गो टू मॉर्निंग वॉक' निघून जातं. हवं ते 'गो फॉर अ मॉर्निंग वॉक'. 'गो वॉकिंग' हे विशेषतः ब्रिटिश बोलण्यात छंदासारखं येतं: डोंगरात, माळावर, दिवसभर भटकणं.

'टेक अ वॉक' जपून वापरा. वर्णनात ते निरुपद्रवी आहे. पण समोरच्याला तोंडावर 'टेक अ वॉक!' म्हटलंत तर त्याचा अर्थ 'चालता हो' असा होतो. दोन भाषांना एकमेकींचा पत्ता नसताना हाकलण्यासाठी दोघींनी चालण्याचंच क्रियापद निवडावं, याची मला नेहमी गंमत वाटते.

६. मराठीत जिथे 'चालतं', तिथे इंग्रजीत 'वॉक' चालेल का?

जवळपास कुठेच नाही. आपण जिथे चालतो तिथे इंग्रजी बहुतेक वेळा धावतं.

घड्याळ चालतं, यंत्र चालतं, नाटक शंभर प्रयोग चालतं, दुकान चांगलं चालतं, बैठक तीन तास चालते: या सगळ्यांना इंग्रजीत 'रन' लावता येतं. दुकानाचा मालक ते चालवतो, तर इंग्रजीत तोही दुकान 'रन' करतो. 'ही गाडी डिझेलवर चालते' यातही 'रन'. 'पेन चालत नाही' यात मात्र 'वर्क', आणि इथे प्रश्न २ मधला उच्चाराचा घोटाळा पुन्हा हजर होतो. कारण 'माय पेन डझन्ट वॉक' ऐकणाऱ्याला हसू आवरणार नाही (का, ते प्रश्न १६ मध्ये).

संमतीच्या 'चालेल'ला 'रन'ही नाही आणि 'वॉक'ही नाही. तिथे 'दॅट्स फाइन', 'ओके', किंवा पर्याय पुरेसा आहे असं सांगायचं असेल तर 'इट विल डू'. 'हे अजिबात चालणार नाही' म्हणजे 'धिस वोन्ट डू'. 'काय चाललंय?'ला 'व्हॉट्स गोइंग ऑन?' 'चाल' या नामाचंही तसंच: बुद्धिबळातली चाल म्हणजे 'मूव्ह', गाण्याची चाल म्हणजे 'ट्यून', आणि शत्रूची चाल म्हणजे डावपेच. 'घरात त्याचं काही चालत नाही' याला तर एका शब्दाचं उत्तरच नाही. 'ही हॅज नो से' असं काहीतरी म्हणून वळसा घालावा लागतो.

माझी एक कसोटी आहे. 'चालणे'च्या जागी 'पायी जाणे' ठेवून बघा. वाक्य टिकलं तर 'वॉक' लिहा. हास्यास्पद झालं तर थांबा आणि दुसरं क्रियापद शोधा.

७. 'वॉक द डॉग' म्हणजे 'कुत्रा चालवणे' का? मग 'वॉक अ बाइक' म्हणजे 'सायकल चालवणे'?

दुसरा प्रश्न विचारला नाहीत तर कधीतरी फसाल, म्हणून हा माझा आवडता प्रश्न. 'वॉक अ बाइक'चा अर्थ सायकल चालवण्याच्या बरोबर उलटा आहे: सायकलीवरून उतरायचं आणि ती हातात धरून पायी न्यायची. गर्दीच्या वाटेवर 'वॉक युवर बाइक' अशी पाटी दिसली तर खाली उतरा. मी स्वतः अशा एका पाटीसमोरून मोठ्या रुबाबात पायडल मारत गेलो होतो. पहारेकऱ्याने शिट्टी वाजवली आणि मग पाटीवर बोट ठेवून तिचा अर्थ मला समजावला.

मराठीत 'चालवणे' हे 'चालणे'चं प्रयोजक रूप असलं तरी वाहनाच्या बाबतीत त्याचा अर्थ 'हाकणे' असा झाला आहे. इंग्रजीच्या सकर्मक 'वॉक'मध्ये मात्र चालणारा माणूसही सोबत असतो. कुत्र्याला वॉक करणारा स्वतःही चालतो, म्हणून मराठीत 'कुत्र्याला फिरवून आणणे'. घोडा धावून घामाघूम झाला की त्याला 'वॉक' करतात, म्हणजे लगाम धरून सावकाश फिरवतात.

जड कपाट हलवताना आपण ते एका कोपऱ्यावर कलतं करतो, मग दुसऱ्या, आणि असं डुलवत पुढे सरकवतो. इंग्रजीत यालाही कपाट 'वॉक' करणं म्हणतात, आणि ज्याने हे केलंय त्याला तो शब्द पटकन पटतो. कपडे धुण्याचं यंत्र हादऱ्यांनी आपोआप जागेवरून सरकतं, तेव्हा ते स्वतःच 'वॉक' करतं.

कर्म म्हणून रस्ताही येतो: 'वॉक द होल रूट' म्हणजे अख्खा मार्ग पायी जाणं. फक्त 'वॉक द स्ट्रीट्स' लिहिताना संदर्भ बघा. रस्त्यांवरून भटकण्याखेरीज त्याला देहविक्रयाचा जुना अर्थ चिकटलेला आहे.

८. 'आय विल वॉक यू होम' आणि 'वॉक मी थ्रू इट' यांत कोण कुणाला चालवतं?

पहिल्यात 'मी तुला घरापर्यंत सोडतो', आणि तेही पायी. गाडीने सोडणार असाल तर 'ड्राइव्ह'. दुसऱ्यात पाय कुणाचेच हलत नाहीत. एखादं काम, अर्ज किंवा हिशेब टप्प्याटप्प्याने समजावून सांगणं म्हणजे 'वॉक समवन थ्रू'. त्यातूनच 'वॉकथ्रू' हे नाम आलं. व्हिडिओ गेममध्ये पातळी कशी पार करायची याच्या सविस्तर वाटाड्यालाही तेच नाव, आणि संगणकाच्या प्रोग्रामची ओळ न् ओळ सहकाऱ्यांसमोर तपासण्यालाही तेच.

९. 'वॉक'ला आउट, अवे, ऑफ, इन, बॅक लावलं की काय होतं?

'वॉक आउट'चा मराठीतला सरळ अवतार म्हणजे सभात्याग. कामगारांनी काम टाकून बाहेर पडणं हेही 'वॉकआउट'. पण पुढे 'ऑन' आलं तर अर्थ घरगुती आणि जास्त दुखरा होतो: 'ही वॉक्ड आउट ऑन हर' म्हणजे तो तिला सोडून निघून गेला.

'वॉक अवे'चे दोन अर्थ एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. सौद्यातून 'वॉक अवे' म्हणजे काढता पाय घेणं. अपघातातून 'वॉक अवे' म्हणजे विशेष इजा न होता बाहेर येणं. पुढे 'विथ' आलं तर बक्षीस सहज पटकावणं. 'वॉक ऑफ विथ' यात बक्षीसही येतं आणि चोरीही येते, त्यामुळे 'ही वॉक्ड ऑफ विथ द कप' वाचताना चषक जिंकला की लांबवला हे पुढच्या वाक्यावरूनच कळतं.

'वॉक-इन' म्हणजे आधी वेळ न घेता येण्याची मुभा. 'वॉक-इन' मुलाखत, 'वॉक-इन' दवाखाना हे त्यातलेच. 'वॉक-इन' कपाट मात्र आत शिरता येईल एवढं मोठं असतं. 'वॉक बॅक' हा राजकीय बातम्यांतला लाडका शब्दप्रयोग आहे. नेत्याने विधान 'वॉक बॅक' केलं म्हणजे शब्द पूर्ण गिळला नाही, पण सारवासारव करत हळूच मागे घेतला.

१०. 'वॉकओव्हर' आणि 'बाय' दोन्हीला मराठी बातम्यांत 'पुढे चाल' म्हणतात. दोन्ही एकच का?

निकाल सारखा, कारण वेगळं. 'बाय' ही वेळापत्रकातली सोय असते: खेळाडूंची संख्या जुळत नाही म्हणून एखाद्याला त्या फेरीत प्रतिस्पर्धीच नेमलेला नसतो. 'वॉकओव्हर'मध्ये प्रतिस्पर्धी ठरलेला असतो, पण तो येत नाही किंवा माघार घेतो. 'पुढे चाल' दोन्हींना लावण्यात चूक नाही, पण बातमीत कारण लिहा.

शब्द घोड्यांच्या शर्यतींतून आला. शर्यतीला एकच घोडा उरला तरी बक्षीस मिळवायला त्याला मैदानाची वाट पार करावीच लागे. धावायचं कारण नसे, म्हणून तो ती चालत पार करी. ऑलिंपिकमध्ये याचं गाजलेलं उदाहरण १९०८च्या लंडन स्पर्धेतलं आहे. ४०० मीटरच्या अंतिम शर्यतीत ब्रिटनच्या विंडहॅम हॅल्सवेलला अडवल्याबद्दल एका अमेरिकन धावपटूला बाद केलं आणि शर्यत पुन्हा ठेवली. निषेध म्हणून उरलेले दोघे अमेरिकन आलेच नाहीत. हॅल्सवेल एकटाच धावला आणि सुवर्णपदक घेऊन गेला. म्हणजे नाव वॉकओव्हर, पण गडी धावला.

'वॉक ऑल ओव्हर समवन' याच्याशी याची गल्लत नको. त्याचा अर्थ समोरच्याला पायपुसण्यासारखं वागवणं.

११. क्रिकेटचे समालोचक 'ही वॉक्ड' म्हणून एवढं कौतुक का करतात? बाद झाल्यावर सगळेच चालत जातात की!

जातात, पण पंचांनी बोट वर केल्यावर. क्रिकेटमधलं 'वॉक' म्हणजे चेंडू आपल्या बॅटला लागलाय हे स्वतःला ठाऊक असल्यामुळे पंचांच्या निर्णयाची वाट न बघता निघून जाणं. सगळ्यात जास्त आठवलं जाणारं उदाहरण १८ मार्च २००३चं आहे. विश्वचषकाचा उपांत्य सामना, पोर्ट एलिझाबेथ, श्रीलंकेविरुद्ध ऑस्ट्रेलिया. अरविंद डिसिल्वाच्या चेंडूवर कुमार संगकाराने झेल घेतला. पंच रूडी कर्टझन यांनी बाद दिलेलं नव्हतं, तरी २२ धावांवरचा ॲडम गिलख्रिस्ट तंबूकडे निघाला. स्वतःचा संघही त्यामुळे थोडा चकित झाला. सामना मात्र ऑस्ट्रेलियानेच जिंकला.

पुढचा प्रश्नही लोक विचारतात: चुकून गेला तर? म्हणजे बाद नसताना गैरसमजाने निघाला तर? क्रिकेटच्या नियमांत याची तरतूद आहे. बाद दिलेलं नसताना फलंदाज गैरसमजातून जागा सोडतोय अशी पंचांची खात्री झाली, तर त्यांनी चेंडू मृत घोषित करून त्याला परत बोलवायचं असतं.

१२. बेसबॉलमध्येही 'वॉक' असतो. तो हाच का?

अजिबात नाही, तिथे तो प्रामाणिकपणाशी संबंधित नाही. फेकणाऱ्याने ठरावीक चौकटीबाहेर चार चेंडू टाकले आणि फलंदाजाने ते सोडून दिले, तर त्याला पहिल्या तळावर (बेसवर) फुकट जाता येतं. हा झाला 'वॉक'. चारचा हा आकडा १८८९पासून आहे. भीतीदायक फलंदाजाला मारायची संधीच नको म्हणून मुद्दाम 'वॉक' देण्याचाही रिवाज आहे. २००४च्या हंगामात बॅरी बॉण्ड्सला २३२ वॉक मिळाले, त्यातले १२० मुद्दाम दिलेले. २०१७पासून अमेरिकेच्या मुख्य लीगमध्ये मुद्दाम वॉक द्यायला चार चेंडू टाकायचीही गरज नाही, प्रशिक्षकाने खूण केली की झालं.

बास्केटबॉलमध्ये चेंडू न आपटता जास्त पावलं टाकणं हा दोष आहे. नियमातलं त्याचं नाव 'ट्रॅव्हलिंग', पण अमेरिकन मैदानांवर त्यालाही 'वॉकिंग' म्हणतात.

१३. चालण्याच्या शर्यतीत कुणी धावलं हे ठरवतात कसं?

दोन अटी आहेत. एक, जमिनीशी संपर्क तुटलेला डोळ्यांना दिसता कामा नये. दोन, पुढे पडणारा पाय जमिनीला टेकल्यापासून शरीर त्याच्यावरून सरळ रेषेत येईपर्यंत गुडघ्यात ताठ हवा. त्या विचित्र, कंबर हलवणाऱ्या चालीचं कारण हा दुसरा नियम.

मेख आहे ती 'डोळ्यांना' या शब्दात. संथ चित्रफीत पाहिली तर अव्वल चालपटूंचे दोन्ही पाय कधीकधी क्षणभर हवेत दिसतात. तो दोष धरत नाहीत, कारण पंचांना कॅमेऱ्याने नव्हे, उघड्या डोळ्यांनी बघायचं असतं. म्हणजे प्रश्न १ मध्ये मी दिलेली व्याख्या इथे मोडते, आणि नियम जाणूनबुजून तिकडे डोळेझाक करतो. वेग पाहिलात तर आश्चर्य वाटणार नाही: पॅरिस २०२४मध्ये इक्वाडोरच्या ब्रायन पिंताडोने २० किलोमीटर १ तास १८ मिनिटं ५५ सेकंदांत 'चालून' सुवर्ण मिळवलं. एवढ्या वेगाने आपण धावूनही दमू.

घोड्याच्या बाबतीत हिशेब साधा आहे. 'वॉक' ही त्याची सगळ्यात संथ चाल. चारही खूर एकामागून एक टेकतात, चार ठोके ऐकू येतात. दुडक्या चालीत तिरप्या जोडीतले दोन खूर एकदम पडतात, म्हणून दोनच ठोके.

१४. अंतराळात जमीनच नाही, मग 'स्पेसवॉक' कसला? आणि 'मूनवॉक' म्हणजे नाच की चंद्रावरचं चालणं?

स्पेसवॉकमध्ये कुणी चालत नाही. अंतराळवीर यानाबाहेर दोरीच्या किंवा पकडीच्या आधाराने तरंगत सरकतो आणि बहुतेक काम हातांनी करतो. पहिला स्पेसवॉक अलेक्सेई लिओनोव्हने १८ मार्च १९६५ रोजी केला, सुमारे १२ मिनिटांचा. पोशाख फुगून इतका ताठर झाला की आत शिरण्यासाठी त्याला त्यातली हवा कमी करावी लागली. (तारीख ओळखीची वाटते? प्रश्न ११ मधली गिलख्रिस्टची 'वॉक'ही १८ मार्चचीच.)

'मूनवॉक' दोन्ही आहे. चंद्रावर १९६९ ते १९७२ या काळात १२ जण चालले. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक-षष्ठांश असल्याने ते चालण्यापेक्षा उड्याच जास्त मारत. नाचातला मूनवॉक मायकेल जॅक्सनने १९८३मध्ये घराघरांत पोहोचवला. त्यात पुढे चालल्याचा भास होतो आणि माणूस मागे घसरतो.

१५. 'केकवॉक' आणि 'वॉक इन द पार्क' दोन्ही म्हणजे सोपं काम ना?

अर्थ तोच: डाव्या हातचा मळ. 'वॉक इन द पार्क' बहुधा नकारातच भेटतं, 'हे काही बागेत फिरणं नव्हे' अशा सुरात. 'केकवॉक'मागे मात्र इतिहास आहे. अमेरिकेत गुलामगिरीच्या काळात मळ्यांवरच्या कृष्णवर्णीय जोडप्यांच्या ऐटबाज चालण्या-नाचण्याच्या स्पर्धा होत आणि बक्षीस म्हणून केक दिला जाई. नाचात गोऱ्या मालकांच्या नखऱ्यांची नक्कलही होती. 'सहज जिंकणं' हा अर्थ नंतरचा. नाच स्वतः सोपा नव्हता. ही पार्श्वभूमी माहीत असलेले काही जण हा शब्द टाळतात, आणि मीही भाषांतरात तो घालत नाही.

१६. बातमीत 'ही वॉक्ड' म्हणजे आरोपी पळाला का? आणि पेन कसं 'वॉक' करतं?

पळाला नाही, सुटला. 'वॉक फ्री' किंवा नुसतं 'वॉक' म्हणजे शिक्षा न होता कोर्टातून बाहेर पडणं. पुष्कळदा त्यात 'सुटायला नको होता' असा बोलणाऱ्याचा सूर असतो.

पेन, छत्री, ऑफिसातली कात्री 'वॉक' करते तेव्हा मराठीत तिला पाय फुटलेले असतात. यापेक्षा चपखल जोडी मला दोन भाषांत क्वचितच सापडली आहे.

१७. 'वॉक द टॉक', 'वॉक अ टाइटरोप', 'वॉक ऑन एगशेल्स' यांना मराठीत काय म्हणायचं?

पहिल्याला 'बोले तैसा चाले'. इथे नवीन काही घडवायला जाऊ नका. आपलं 'चालणे' इथे वर्तन या अर्थाने आलं आहे, आणि इंग्रजी वाक्प्रचारात 'वॉक'ही नेमका त्याच अर्थाने आला आहे. दुसऱ्याला 'तारेवरची कसरत'. तिसऱ्यासाठी 'अंड्यांच्या टरफलांवरून चालणे' असं भाषांतर हल्ली वाचायला मिळतं, ते वाचून माझा हात लाल पेनाकडे जातो. प्रसंग रागीट माणसाला सांभाळून घेण्याचा असेल तर 'जीव मुठीत धरून' फार होतं. 'जपून जपून वागणे' पुरेसं आहे.

१८. 'पीपल फ्रॉम ऑल वॉक्स ऑफ लाइफ' यात चालण्याचा संबंध काय?

वाट. 'वॉक'चा एक अर्थ चालायची जागा, वाट असा आहे. त्यातून आयुष्याची वाट, म्हणजे पेशा किंवा समाजातलं स्थान. मराठीत 'समाजाच्या सर्व थरांतले लोक'. 'कॅटवॉक'मध्येही हाच जागेचा अर्थ आहे. १९व्या शतकाच्या अखेरीला जहाजांवर आणि नाट्यगृहांच्या छताखाली असलेल्या मांजरच जाईल अशा अरुंद फळीला हे नाव होतं. फॅशनचा मंच नंतर आला, त्याला आपण 'रॅम्प' म्हणतो.

१९. 'जेवॉकिंग' म्हणजे इंग्रजी 'जे' अक्षरासारखं वाकडं चालणं का?

पटण्यासारखं वाटतं, पण नाही. अमेरिकन बोलीत 'जे' म्हणजे गावंढळ, बावळट माणूस. २०व्या शतकाच्या सुरुवातीला, शहरात रस्ता कसाही ओलांडणाऱ्याला हिणवायला हा शब्द निघाला. मोटारी वाढल्या तसा तो कायद्याच्या भाषेत शिरला.

२०. गणितात आणि शेअर बाजारात 'रँडम वॉक' म्हणतात, तिथे कोण चालतं?

कल्पनेतला एक माणूस, आणि तो बहुधा प्यायलेला. प्रत्येक पावलाला दिशा नशिबावर सोडायची. मग ठरावीक पावलांनंतर तो निघाल्या जागेपासून किती दूर असेल? हा प्रश्न या नावाने कार्ल पिअर्सनने १९०५मध्ये मांडला. सर्वसाधारण अंतर पावलांच्या वर्गमुळाएवढं येतं. १०० पावलं टाकून माणूस सुमारे १० पावलं लांब पोहोचतो, १०,००० टाकून १००. १९२१मध्ये जॉर्ज पोल्याने आणखी एक सुंदर गोष्ट सिद्ध केली. रेषेवर किंवा सपाट जाळीवर असा भटकणारा कधी ना कधी निघाल्या जागी परत येतोच. तीन मितींच्या जाळीत मात्र परतण्याची शक्यता सुमारे ३४ टक्केच उरते. शेअरचे भाव असेच डोलतात का, यावर अर्थतज्ज्ञ अजून भांडतात.

आलेखशास्त्रात, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या गणितात, 'वॉक', 'ट्रेल' आणि 'पाथ' हे समानार्थी नाहीत, विद्यार्थी इथे गुण घालवतात. वॉकमध्ये बिंदूही पुन्हा येऊ शकतो आणि रेषाही. ट्रेलमध्ये रेषा पुन्हा येत नाही. पाथमध्ये बिंदूही पुन्हा येत नाही. संगणकातलं फोल्डरांचं झाड 'वॉक' करणं म्हणजे प्रत्येक फांदीला एकदा भेट देणं.

२१. 'वॉकिंग स्टिक' चालत नाही, 'वॉकिंग डिक्शनरी' चालते. असं का?

कारण पहिल्यात 'वॉकिंग' हे नाम आहे, चालण्यासाठीची काठी. दुसऱ्यात ते विशेषण आहे, चालताबोलता कोश. बोलताना पहिल्यात जोर 'वॉकिंग'वर पडतो. 'वॉकिंग न्यूमोनिया' दुसऱ्या गटातला, पण चालतो तो रोगी: आजार इतका सौम्य की माणूस अंथरूण न धरता हिंडत असतो. 'वॉकी-टॉकी'चा मूळ अर्थही चालता चालता बोलायचं यंत्र असा. दुसऱ्या महायुद्धात हे नाव पाठीवर घ्यायच्या जड संचाचं होतं. हातातल्या लहान संचाला तेव्हा 'हँडी-टॉकी' म्हणत. आज जड संच गेला आणि त्याचं नाव लहान संचाला मिळालं.

२२. 'वॉकमन'चं अनेकवचन काय, 'वॉकमेन'?

सोनीने १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये वॉकमन आणला, तेव्हापासून हा प्रश्न आहे. नियमाने 'मॅन'चं 'मेन' व्हायला हवं. पण वस्तूच्या नावात जोडशब्द आपलं मूळ विसरतो, म्हणून बहुतेक लोक 'वॉकमन्स' म्हणतात आणि कोशांतही ते सापडतं. काही कोश 'वॉकमेन'ही देतात. कंपनीला दोन्ही नको होतं. तिला तो ब्रँड राहायला हवा होता, सामान्यनाम नव्हे. ऑस्ट्रियात मात्र २००२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'वॉकमन' हे सामान्यनाम झाल्याचं मान्य केलं. मराठीत ही अडचण नाही. एक वॉकमन, दोन वॉकमन.